बंद फिल्टर हाऊसमधली शेती : एक प्रकरण अभ्यास

शहर, विभाग आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. या कामात मी माती आणि निचरा एवढ्यापुरताच सल्लागार होतो. त्यामुळे लिहिताना या दोन गोष्टींना जरा झुकतं माप मिळालं असेल, तर ते गृहीत धरावं.

पार्श्वभूमी

शहर वाढलं, बाहेरच्या बाजूला मोठं जलशुद्धीकरण केंद्र सुरू झालं आणि वस्तीच्या मधोमध असलेलं जुनं केंद्र बंद झालं. बंद झालं म्हणजे पंप काढून नेले, वीज तोडली आणि फाटकाला कुलूप घातलं. बाकी सगळं जागच्या जागी राहिलं. साडेतीन मीटर खोलीच्या दोन लांबट निवळण टाक्या, फिल्टर हाऊसमधले वाळूचे सहा फिल्टर बेड, तुरटी कालवायचे हौद, क्लोरीनची खोली, शुद्ध पाण्याची भूमिगत टाकी आणि हे सगळं जोडणारं बिडाच्या पाइपांचं जाळं.

या केंद्राचं काम कसं चालायचं ते दोन ओळींत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलं आहे. नदीच्या गढूळ पाण्यात तुरटी कालवायची, म्हणजे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि निवळण टाकीत तळाशी बसतात. वरचं निवळ पाणी फिल्टर बेडवर येतं, वाळू आणि खडीच्या थरांतून खाली झिरपतं आणि खालच्या नळ्यांतून निघून जातं. म्हणजे टाकी बांधली पाणी धरून ठेवायला आणि फिल्टर बांधला पाणी सोडायला. केंद्र बंद झालं म्हणून या सवयी सुटत नाहीत. आम्हाला हे कळायला एक अख्खा हंगाम घालवावा लागला.

मधल्या वर्षांत फिल्टर हाऊसचं छप्पर गेलं. सिमेंटचे पत्रे फुटून बेडवर पडले आणि वाळूत तण माजलं. कुंपणाच्या भिंतीला दोन भगदाडं पडली. टाकी कोरडी असली की तळाशी मुलं खेळायची, सकाळी काही म्हातारी माणसं आवारात फिरायची. पंपहाऊसमध्ये एक गृहस्थ राहायचे. या सगळ्यांचा उल्लेख पहिल्या प्रस्तावात एकाच शब्दात होता: ‘अतिक्रमण’.

अडचण नेमकी कोणाची

रहिवासी संघाची तक्रार डास, कचरा आणि टाकीत मूल पडण्याची भीती अशी तिहेरी होती. त्याच संघातल्या काही बायकांना भाजीपाला लावायला जागा हवी होती, कारण त्यांच्या इमारतींना ना अंगण ना गच्ची. केंद्र ज्याच्या ताब्यात होतं त्या विभागाला काहीच नको होतं. तिथल्या अभियंत्यांचं म्हणणं सरळ होतं: ‘उद्या कोणी पडलं, तर सही कोणाची?’ हे म्हणणं पुढे बैठकांमध्ये आडमुठेपणा म्हणून गाजलं, पण मला ते रास्तच वाटतं. बंद पडलेल्या केंद्रात भगदाडातून शिरून कोणी पडलं तर तो अपघात. परवानगी देऊन आत घेतलेला माणूस पडला तर ती जबाबदारी.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय पाडून टाकण्याचा. पाण्याच्या टाकीचं काँक्रीट जाड आणि सळयांनी गच्च भरलेलं असतं. ते फोडायचं आणि वाहून न्यायचं म्हणजे मोठा खर्च, तोही त्या जागी काय बांधायचं हे ठरलेलं नसताना. हा पर्याय आपोआप मागे पडला.

दुसरा पर्याय टाक्या राडारोड्याने बुजवून वर हिरवळ करण्याचा. हा सगळ्यांना आवडला होता. पडण्याची भीती जाते, फोटो चांगला येतो. मी विरोध केला तो एकाच कारणाने. तळाला भोक नसलेली कुंडी बुजवली तरी कुंडीच राहते. पाऊस राडारोड्यातून खाली जाईल, तळाशी साठेल, हळूहळू वर चढेल आणि हिरवळीची दलदल होईल. शिवाय खाली काय चाललंय ते कधी दिसणारही नाही.

तिसरा पर्याय बांधकाम आहे तसं ठेवून त्यातच शेती करण्याचा. चौथा काहीच न करण्याचा: धोकादायक गोष्टी काढायच्या, कठडे लावायचे आणि उगवलेलं रान वाढू द्यायचं. हा चौथा पर्याय बैठकीत हसण्यावारी गेला. आज मागे वळून पाहताना वाटतं, निदान एका टाकीपुरता तो कागदावर तरी मांडायला हवा होता.

तिसऱ्या पर्यायाला बळ मिळालं ते दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या उदाहरणाने. तिथे हान नदीतल्या सोन्युदो बेटावरचं जलशुद्धीकरण केंद्र १९७८ ते २००० चाललं आणि २००२ मध्ये तिथे सार्वजनिक उद्यान झालं. जुन्या टाक्या आणि खांब न पाडता त्यांच्यातच पाणवनस्पती आणि बागा वाढवल्या. हे फोटो बैठकीत फिरले आणि वारं फिरलं. पण ते उद्यान महानगराच्या यंत्रणेने केलं होतं. आमच्याकडे रविवारी सकाळी येणारी तीस-चाळीस माणसं होती. फोटोत हा फरक दिसत नाही.

पहिला निर्णय : वजन कुठे टाकायचं

लोकांची पहिली मागणी भूमिगत टाकीच्या स्लॅबवर गादीवाफे करण्याची होती. जागा सपाट, ऊन भरपूर, जिना उतरायला नको. हिशेब मात्र उलटा निघाला. भिजलेली माती घनमीटरला पावणेदोन टनांच्या आसपास भरते. ३० सेंटिमीटरचा थर दिला तरी दर चौरस मीटरला अर्धा टन. तो स्लॅब देखभालीला येणाऱ्या माणसांपुरता बांधलेला, त्यात वर्षानुवर्षं ओल आणि क्लोरीनच्या वाफेत राहिलेला. कडेला सळई उघडी पडली होती.

उलट ज्या टाक्यांची सगळ्यांना भीती, त्यांचा तळ साडेतीन मीटर पाणी पेलायला बांधलेला. म्हणजे चौरस मीटरला साडेतीन टन. फिल्टर बेडचंही तसंच, तिथे वाळू, खडी आणि वर माणसाच्या उंचीएवढं पाणी असायचं. तेव्हा माती जाणार ती बेडमध्ये आणि टाकीत, स्लॅबवर फक्त बाकं. विभागाच्या अभियंत्यांनी या बैठकीत पहिल्यांदाच मान डोलावली. मला वाटतं, पुढची परवानगी त्या मान डोलावण्यातून आली.

दुसरा निर्णय : आधी घाण काढायची

फाटक उघडण्याआधी विभागाने तीन कामं स्वतः करावीत असं ठरलं. क्लोरीनच्या खोलीतलं उरलंसुरलं सिलिंडर हलवणं, फुटके पत्रे प्रशिक्षित माणसांकडून ओले करून उचलणं आणि व्हॉल्व्हच्या चेंबरवर जाळ्या बसवणं. पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालावं लागतं, आणि खोल बंद चेंबरमध्ये प्राणवायू कमी असू शकतो. ही कामं स्वयंसेवकांची नव्हेत. यात सहा महिने गेले आणि निम्मा उत्साह मावळला. तरीही हा उशीर योग्यच होता.

मातीच्या तपासणीत शिसं शोधायचं होतं. बिडाच्या जुन्या पाइपांचे सांधे शिसं ओतून भरलेले असतात, आणि लोखंडी कठड्यांच्या जुन्या शेंदरी रंगातही शिसं असतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने निवासी मातीसाठी शिशाची तपासणी-मर्यादा जानेवारी २०२४ मध्ये दशलक्ष भागांत ४०० वरून २०० वर आणली. आम्ही तीच, कडक केलेली, रेघ धरली. पाइप गॅलरीच्या कडेचा आणि कठड्यांखालचा पट्टा रेघेच्या वर गेला, बाकीचं आवार बरंच खाली राहिलं. वरच्या पट्ट्यावर कापड अंथरून जाड भुशाचं आच्छादन केलं, तिथे फुलझाडं लावली, भाजी नाही. पालेभाज्या आणि कंद यांच्यावर मातीची धूळ चिकटते, आणि शिसं पोटात जातं ते बहुतेक त्या धुळीतून. टोमॅटो-वांग्यात हा धोका कमी, पण पाइपांजवळ काहीच खायचं लावायचं नाही असा सरसकट नियम केला. नियमाला अपवाद ठेवले की नियम आठवत नाही.

तिसरा निर्णय : टाकीचं बूड

निवळण टाक्यांत गुडघाभर पाणी होतं आणि खाली गाळ. निचऱ्यासाठी तळाला कोअर कटरने भोकं पाडावीत असा माझा प्रस्ताव होता. यंत्र भाड्याने ठरलंही. त्याच रविवारी केंद्रात पूर्वी ऑपरेटर असलेले एक गृहस्थ सहज बघायला आले. पलीकडच्याच गल्लीत राहायचे, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी आमचा नकाशा पाहिला, टाकीकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘वॉशआउट उघडून बघितला का?’’

कोणालाच काही कळलं नाही. काकांनी टाकीच्या टोकाजवळची झुडपं काठीने बाजूला केली. खाली हातभर रुंदीचं लोखंडी झाकण होतं, त्यावर आम्ही महिनाभर पिशव्या ठेवत होतो. घरून ते एक लांब टी-आकाराची किल्ली घेऊन आले. व्हॉल्व्हच्या दांड्यावर तेल सोडलं आणि अर्धा तास नुसते बसून राहिले. मग दोघांना किल्लीला लावलं, पण पूर्ण फिरवू दिलं नाही. थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा थोडं पुढे. ‘‘एकदम जोर केला तर दांडा तुटेल, मग बसा.’’ जमिनीवर हात टेकून ते खालचा आवाज ऐकत होते. आधी खरखर आली, मग सळसळ, आणि टाकीतल्या पाण्यावर तरंगणाऱ्या काड्या हळूच एका कोपऱ्याकडे निघाल्या.

पण लगेच दुसरा प्रश्न आला: हे पाणी जातं कुठे? वॉशआउटचं, म्हणजे टाकी तळातून रिकामी करायच्या पाइपाचं, तोंड नाल्यात होतं. गाळासकट पाणी नाल्यात सोडणं आम्हाला चालणार नव्हतं, म्हणून व्हॉल्व्ह बंद केला, वरचं पाणी पंपाने उपसलं आणि गाळ आतच ठेवला. पावसाच्या जादा पाण्यासाठी वॉशआउट मोकळा राहणार हे ठरलं.

एवढ्यावर भोकांचा बेत सोडून द्यायचा का? इथे मी अडून बसलो. भूजल वर आलं की रिकामी टाकी पाण्यावर होडी उचलावी तशी खालून उचलली जाऊ शकते, तळाला तडे जातात. पाण्याने भरलेली असताना ते वजनच तिला धरून ठेवतं. आम्ही तर ती कायमची रिकामी करत होतो. म्हणून पहिल्या टाकीला मोजकी भोकं पाडली, म्हणजे खालचं पाणी आत येईल आणि दाब उतरेल. दुसरी पाण्यासकट तशीच ठेवली.

फिल्टर बेड आणि गाळाचं प्रकरण

फिल्टर बेड अपेक्षेपेक्षा सोपे गेले. वरची अर्धीअधिक वाळू काढली, उरलेल्या वाळूवर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, अंथरलं, वर माती, कंपोस्ट आणि काढलेल्याच वाळूचं मिश्रण भरलं. खालची खडी आणि नळ्या जशाच्या तशा. निचरा इतका चोख की पहिल्या महिन्यात रोपं सुकायला लागली. सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत खाली निघून जायचं. फिल्टर त्याचं काम करत होता, दुसरं काय.

तोडगा पुन्हा काकांचाच. बेडचा आउटलेट व्हॉल्व्ह जवळजवळ बंद करायचा, म्हणजे पाणी खडीत साठतं आणि वाळूतून थोडं वर चढतं. जोराचा पाऊस आला की उघडायचा. रोपांना कायम वाफशावर ठेवणारी अशी सोय मी पैसे देऊनही बनवू शकलो नसतो. आता बेडच्या भिंतीवर खडूने एक खूण आहे आणि व्हॉल्व्हवर एक वेळापत्रक टांगलं आहे.

पाणी आणायचं कुठून हाही विनोदच होता. ज्या जागेने अर्ध्या शहराला पाणी पाजलं, तिथे एक चालू नळ नव्हता. पंपहाऊसच्या छपरावरचं पाणी भूमिगत टाकीत वळवलं. छपराच्या एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी, हा हिशेब मुलांनी भिंतीवर रंगवला आहे.

आता चूक. पहिल्या टाकीच्या तळाशी हातभर गाळ सुकला होता. राखाडी, मऊ, भुसभुशीत. नदीचा गाळ म्हणजे सुपीक, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं. शिशासाठी तो तपासला, निकाल स्वच्छ आला, आणि आम्ही तो टाकीतल्या गादीवाफ्यांत एकास एक मिसळला. बेडमध्ये माती कमी पडत होती तिथेही टाकला.

सहा आठवड्यांनी टोमॅटोची रोपं वीतभर उंचीवर थबकली. खालची पानं आधी गडद, मग जांभळट. कोणी म्हणालं पाणी जास्त, कोणी म्हणालं ऊन कमी. एका मावशींनी कंपोस्ट वाढवलं, फरक नाही. मी पानं पाहिली तेव्हा स्फुरदाची (फॉस्फरसची) कमतरता आहे हे उघड होतं, पण एवढ्या कंपोस्टमध्ये स्फुरद कमी कसं पडेल हे कोडं सुटेना. उत्तर गाळाच्या जन्मात होतं. हा नदीचा गाळ नव्हताच, तुरटीचा गाळ होता. त्यातला ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड स्फुरद घट्ट धरून ठेवतो, इतका की घातलेलं खतही तोच आधी गिळतो. मी शिसं तपासलं, कारण मला शिशाची भीती होती. तुरटीचा विचार केला नाही, कारण तुरटी निरुपद्रवी वाटते. मातीचा सल्लागार म्हणवणाऱ्या माणसाकडून ही चूक व्हायला नको होती.

ते वाफे रिकामे केले. एक हंगाम गेला आणि त्याबरोबर आठ-दहा कुटुंबंही गेली. काढलेला गाळ कुठे टाकायचा यावर बरीच चर्चा झाली. शेवटी त्याचा दोषच वापरात आला: आवारातलं पाणी दुसऱ्या टाकीत उतरतं त्या चरीत तो वाळूत मिसळून भरला. कंपोस्टमधून धुपून येणारं स्फुरद तिथे अडतं, आणि ते अडलं की पाण्यावर शेवाळ कमी धरतं. सामू (पीएच) मात्र अधूनमधून तपासावा लागतो. माती फार आम्ल झाली, तर त्यातलं ॲल्युमिनियम मोकळं होऊ लागतं.

वाफे कोणाचे, कुलूप कोणाचं

सहा बेडपैकी चार कुटुंबनिहाय पट्ट्यांत वाटले, दोन सामाईक ठेवले. सामाईक बेडवर पहिल्या वर्षी सगळ्यांचं प्रेम, दुसऱ्या वर्षी कोणाचंच नाही. मग तिथे कढीपत्त्यासारखं, फारशी निगा न लागणारं लावलं आणि ‘लागेल तेवढं घ्या’ अशी पाटी लावली. हे चाललं.

भाजी चोरीला जायला लागली तेव्हा फाटकाला कुलूप घालायचा ठराव मोठ्या बहुमताने झाला. माझं मत विरोधात होतं, आजही आहे. भिंतीची भगदाडं बुजवली, चाव्या सभासदांकडे गेल्या, आणि पूर्वी आत खेळणारी मुलं बाहेर राहिली. टाकीचा तळ हे त्यांचं मैदान होतं. चोऱ्या थांबल्या नाहीत. दोन महिन्यांनी कळलं की त्यातल्या निम्म्या सभासदांच्याच होत्या.

पंपहाऊसमधल्या गृहस्थांबद्दल लिहायला हात जड होतो. कामाच्या आदल्या आठवड्यात विभागाने त्यांना बाहेर काढलं. आमच्यापैकी कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणी विचारलंही नाही. आवारात रात्री राहणारं एकच माणूस ते होतं, कुठे पाणी तुंबतं आणि कुठून कोण शिरतं हे त्यांना पाठ असणार. आम्ही त्यांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

जागेचा कागद

परवानगी एका वर्षाची, दरवर्षी नूतनीकरण. अशा जागांवर हा प्रश्न सगळीकडे येतो. बर्लिनमध्ये २००९ साली मोरित्झप्लात्झवरच्या पडीक जागेत प्रिन्सेसिनेनगार्टन ही लोकांनी मिळून केलेली बाग सुरू झाली, तेव्हा जागेची शाश्वती नसल्याने रोपं क्रेटमध्ये आणि पोत्यांत लावली होती, उद्या उचलून नेता यावीत म्हणून. त्याच शहरात टेम्पेलहोफ विमानतळ २००८ मध्ये बंद झाला, २०१० मध्ये मैदान लोकांसाठी उघडलं, आणि २०१४ च्या सार्वमतात लोकांनी त्यावरचं बांधकाम रोखलं. आमच्याकडे सार्वमत नव्हतं, क्रेट होते. झाडं लावायची नाहीत ही विभागाची अट होती, मुळं भिंतीत शिरतात म्हणून. म्हणून लिंबं आणि पेरू पिंपात आहेत. चार माणसांना उचलता येतील एवढ्याच पिंपात, हे आम्ही मुद्दाम ठरवलं.

आजची स्थिती

तिसऱ्या वर्षाअखेर चार फिल्टर बेड जोमात आहेत, एक कसाबसा, आणि एक सोडून दिलेला. तो ज्यांचा होता ती कुटुंबं दुसरीकडे राहायला गेली, आणि प्रतीक्षा यादीतल्या कोणालाच तो नको आहे, कारण पलीकडच्या इमारतीची सावली त्याच्यावर पडते. पहिल्या टाकीत कडेला पालेभाज्या आहेत, मध्ये फळभाज्या. उंच भिंतीमुळे कडेला ऊन जेमतेम तीन-चार तास येतं, तेवढं पालेभाज्यांना पुरतं. टाकीत उतरायला उतार केला नाही, लोखंडी जिनाच ठेवला. त्यामुळे गुडघे दुखणारी मंडळी वरून सूचना देतात. डास कमी झाले, पण संपले नाहीत. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत जेमतेम आठवडा लागतो, आणि रविवारी बादल्या पालथ्या करायचं काम एका आठवड्याला चुकलं तरी ते जाणवतं.

पुन्हा केलं तर

काकांना पहिल्या दिवशी गाठायचं, सतराव्या आठवड्यात नाही. बंद केंद्राचे नकाशे विभागाच्या कपाटात असतात, पण कोणता व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरतो हे माणसाकडेच असतं.

प्रत्येक ढिगाऱ्याची चाचणी करण्याआधी तो तिथे का जमला हे विचारायचं. गाळ हे त्या टाकीचं उत्पादन होतं, आणि मी त्याला माती समजून वागवलं. एका कुंडीत चार रोपं सहा आठवडे लावून पाहिली असती, तरी हंगाम वाचला असता.

जिन्याऐवजी उतार आधी करायचा. कुलुपाचा ठराव करण्याआधी मुलांना बैठकीला बोलवायचं. आणि पंपहाऊसच्या दारावर आधी टकटक करायची.

दुसरी टाकी अजून पाण्याने भरलेली आहे. तिच्यात बेडूक आले आहेत, काठाला पानकणसं वाढली आहेत, आणि तिचं काय करायचं यावर सभासदांत दोन तट आहेत. एका तटाला तिथे आणखी वाफे हवेत. दुसऱ्याला ती आहे तशी हवी आहे, कठडा लावून. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो तिसरा विषय आहे, कुलुपाच्या नंतर आणि पाइपाच्या वर्गणीच्या आधी.